सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक; मग उत्प्रेक्षा कुठे गेली?

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: सिमिली म्हणजे उपमा आणि मेटॅफर म्हणजे रूपक हे पाठ आहे, पण उत्प्रेक्षेला इंग्रजीत काय म्हणायचं?

उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळं नावच नाही. ‘तिचा चेहरा चंद्रासारखा आहे’ ही उपमा आणि ‘तिचा चेहरा जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा, हा भेद आपला. इंग्रजीत ‘लाइक’, ‘अ‍ॅज’, ‘अ‍ॅज इफ’ यांनी तुलना केली की ती सिमिली. त्यामुळे ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’वाली वाक्यंही बहुधा तिच्याच खात्यात जमा होतात.

खरा घोटाळा मात्र मेटॅफरचा आहे, आणि परीक्षेतले गुण तिथेच जातात. रूपकात उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) दोन्ही समोर हवीत: ‘तिचा चेहरा चंद्र आहे.’ मेटॅफरला ही अट नाही. ‘तिने खिडकी लावून घेतली आणि चंद्र मावळला’ यात चेहऱ्याचा उल्लेखच नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकलं. संस्कृत आलंकारिक याला रूपकातिशयोक्ती म्हणतील, इंग्रजीत हेही मेटॅफरच. ‘त्याचा राग उकळत होता’ यात तर सगळी करामत एकट्या क्रियापदाची. तेसुद्धा मेटॅफर! तेव्हा कवितेत ‘इज’ शोधत बसू नका. शब्द आपली नेहमीची जागा सोडून भलतीकडे गेला आहे का, ते पाहा. मूळ ग्रीक शब्दात ‘एकीकडून दुसरीकडे वाहून नेणं’ हाच अर्थ आहे.

अ‍ॅरिस्टॉटल तर सिमिलीलाही मेटॅफरच मानतो, फरक थोडासाच म्हणतो. त्याचंच उदाहरण: ग्रीक महाकाव्यातला वीर अकिलीस ‘सिंहासारखा झेपावला’ ही सिमिली, ‘तो सिंह झेपावला’ हे मेटॅफर.

आता मला फार आवडणारी गोष्ट. मेटॅफरचे दोन भाग वेगळे दाखवायला इंग्रजी समीक्षेत आज रुळलेले ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ हे शब्द इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये दिले. टेनर म्हणजे उपमेय, व्हेइकल म्हणजे उपमान; भामह-दंडी या संस्कृत आलंकारिकांच्या ग्रंथांत ही जोडी त्याच्या हजारएक वर्षं आधीच आहे. रिचर्ड्स ज्याला ‘ग्राउंड’ म्हणतात, तो आपला साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण. मराठी व्याकरणात हे शिकलेल्या मुलांना या तिन्ही संज्ञा नव्याने घोकायची गरजच नाही.