‘अँग्स्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न परभणीहून आलाय. विचारणारा तरुण टीव्हीवरच्या एका मालिकेतली दोन पुरुष पात्रं घेऊन त्यांची प्रेमकथा मराठीत लिहितोय, म्हणजे फॅन फिक्शन. कथेत मारहाण आहे, घरच्यांनी बळजबरीनं लावलेलं लग्न आहे आणि शेवटी दोघांतला एक जातो. इंग्रजीत अशा कथेच्या माथ्यावर ‘डार्क’ (भीषण घटनांची कथा) आणि ‘अँग्स्ट’ (जिवाच्या तगमगीची कथा) अशा चिठ्ठ्या लावतात, तर मराठीत काय लावू, असं तो विचारतो. मित्रानं ‘विकृत कथा’ सुचवलं, पण ते खटकलं, असंही पुढं लिहिलंय.

खटकलं ते बरं झालं. ‘विकृत’ हा शब्द असं प्रेम करणाऱ्या माणसांना आधीच पुष्कळदा चिकटवून झालाय. कथेत मारणारे हात दुसऱ्याचे आणि ‘विकृत’ म्हटल्यावर वाचकाची नजर मात्र त्या दोघांकडं जाणार.

आधी ‘अँग्स्ट’ घेऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. शब्द मूळचा जर्मन, अर्थ भीती. त्याच्या मुळाशी ‘अरुंद, आवळलेलं’ अशी कल्पना आहे. लॅटिनमधला ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद, तो याच कुळातला. आणि संस्कृतातला भाऊबंद आहे ‘अंहस्’. ऋग्वेदात त्याचा अर्थ अडचण, कोंडी, संकट असा लागतो. पुढं मात्र अमरकोशात हाच शब्द पापाच्या पर्यायांत जाऊन बसलाय. ज्याचा श्वास कोंडला त्याच्याच माथी पाप, असा हा शब्दाचा प्रवास. तुमच्या कथेतल्या दोघांचं दुसरं काय झालंय?

मराठीत या आवळलेपणाला शब्द हुडकायला लांब जावं लागत नाही. ‘घुसमट’ आहे, ‘कोंडमारा’ आहे. दोन्ही एकच समजून वापरतात, पण मला त्यांत फरक दिसतो. कोंडमाऱ्यात कोंडणारा कुणीतरी असतो. गावातला कोंडवाडा आठवा, मोकाट जनावर आपल्या पायानं आत जात नाही. घुसमट आतली असते. दार सताड उघडं, घरात कुणी नाही, तरी माणूस घुसमटतो. म्हणून बळजबरीचं लग्न हा कोंडमारा, आणि लग्नानंतर फोनमधलं प्रियकराचं नाव बदलून ‘मेकॅनिक’ असं साठवणं ही घुसमट. ‘अँग्स्ट’साठी मी डोळे झाकून ‘घुसमट’ घेईन. ‘विरह’ नको. ज्ञानोबांच्या विराण्यांपासून तो शब्द आपल्या कानात आहे, पण विरहात भेटीची आस उघड बोलता येते. तुमच्या पात्रांना ती बोलायचीच सोय नाही.

‘डार्क’ अवघड आहे. ‘काळी कथा’ म्हटलं की काळी जादू आठवते. ‘अंधारकथा’ भुताची वाटते. ‘गडद’ रंगाला शोभतं. आमच्या अंबाजोगाईकडं आजी म्हणायची, “लेकरू आजून आलं न्हाई, जिवाला लई घोर लागलाय.” हा ‘घोर’ मला फार आवडतो. विशेषण म्हणून तो भयंकर (घोर संकट, घोर अन्याय) आणि नाम म्हणून काळजी. एकाच शब्दात घडणारं भीषण आणि त्याची जिवाला लागलेली रुखरुख, दोन्ही. फक्त ‘घोरकथा’ असा समास करू नका, वाचणाऱ्याला कुणीतरी घोरत पडल्यासारखं वाटेल. ‘घोर वळणाची कथा’ चालेल.

पण चिठ्ठीचं काम विशेषणानं भागत नाही. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅन फिक्शनचं मोठं संकेतस्थळ 2009 पासून चालू आहे, 2019 ला त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथल्या ठरलेल्या इशाऱ्यांत ‘डार्क’ हा शब्दच नाही. हिंसेचं उघड चित्रण, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध, असं घडणाऱ्या गोष्टीचं नाव घेतात. इशारा देणार नाही, एवढं सांगायचीही मुभा लेखकाला असते. मला ही रीत पटते, कारण त्यात माणसावर शेरा नसतो.

आणखी एक शब्द त्यानं ओझरता विचारलाय, ‘हर्ट-कम्फर्ट’. एकाला लागतं, दुसरा त्याला जपतो, असा तो प्रकार. ‘जखम आणि फुंकर’ म्हणा की! लहानपणी गुडघा फुटल्यावर आईनं जे केलं तेच हे.

राहिलं वरचं शीर्षक, ‘सूचना’ की ‘इशारा’? सूचना नोटीस बोर्डावरची वाटते. ‘इशारा’ मूळचा अरबी, अर्थ खूण. हिंदी-उर्दूत तो आजही मुख्यतः खुणेचाच, मराठीत धोक्याचा झाला. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, उर्दू आमच्या कानावरची, म्हणून आमच्याकडं दोन्ही अर्थ नांदतात. तुमच्या कथेतले दोघंही भर बसस्टँडावर इशाऱ्यानंच बोलत असतील, तेव्हा हाच ठेवा. मी असं लिहीन: “इशारा: या कथेत मारहाण, बळजबरीचं लग्न आणि एका नायकाचा मृत्यू आहे. घुसमट भरपूर, फुंकर थोडी.”