डबे किती ते ठाऊक नसताना

मी समुपदेशक. सहामाहीचे पेपर मुलांच्या हातात पडले की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे येणाऱ्या आयांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, गणित येतं हो तिला. समीकरण दिलं की पटापट सोडवते. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र हातपाय गाळते." मुलं सातवी-आठवीची, बहुतेक सेमी-इंग्लिशची. यंदाही दोन आठवड्यांत चार जणींकडून हेच ऐकलं, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या सईची गोष्ट सांगते. नाव अर्थातच बदललं आहे.

सई आठवीत होती. पाचवीला शिष्यवृत्ती मिळालेली, पाढे तोंडपाठ. आई घरून डबे देते. "मुद्दाम करते की काय, असं वाटायला लागलंय आता," असं आई तिच्यादेखतच म्हणाली, आणि सई माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या. परीक्षेची भीती समजून श्वासाचे व्यायाम दिले, झोपेच्या वेळा लिहून घेतल्या. सईने सगळं निमूट केलं आणि फरक शून्य. चौथ्या भेटीत मी एक कागद पुढे सरकवला. 'एका संख्येच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी असलेली संख्या ४३ आहे, तर ती संख्या कोणती?'

तिने लिहिलं, 'समजा'. खोडलं. मग 'समजा ती संख्या' इथपर्यंत आली आणि पुन्हा खोडलं. कागद तिथे पातळ झाला. मग डाव्या कोपऱ्यात, मला दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात, १२, १५, १६ असे आकडे उमटले आणि खाली ठळक उत्तर आलं: १६.

"बरोबर आहे. कसं काढलंस?"

"आलं."

"समीकरण का नाही मांडलंस?"

"ती संख्या माहीतच नाही, तर लिहू काय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत इतकं स्वच्छ निदान मला कुठल्या पालकाने केलेलं आठवत नाही.

मी विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे मनातले हट्टी समज तपासून बघायला लावणारी. बावीस वर्षं मी माणसांच्या बोलण्यातला 'च' शोधत आले आहे. 'पहिला नंबर यायलाच हवा', 'सासूबाईंनी समजून घ्यायलाच हवं'. सईच्या मनात तसाच एक 'च' बसला होता: उत्तर लगेच आलंच पाहिजे. तिला तो लावला आम्हीच, मोठ्यांनी. शिष्यवृत्तीच्या पेपरात चार पर्याय असतात. ते एकेक घालून बघितले की उत्तर सापडतं, आणि वेळही वाचतो. त्यात चूक काही नाही. पण चटकन सांगितलं की शाबासकी, थांबली की 'अगं, सोपं तर आहे!' अशी तीन-चार वर्षं गेली. आता आठवीचं पुस्तक म्हणतं, एक्स मानू. म्हणजे 'मला अजून माहीत नाही' हे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, तेही पहिल्याच ओळीत. जी मुलगी कायम 'येतं' म्हणूनच ओळखली गेली, तिच्या हातून ती ओळ खोडली जाणार नाही तर काय?

पाचव्या भेटीत मी गणिताचं नाव काढलं नाही. सकाळी घरी काय चालतं, एवढंच विचारलं.

"आई पोळ्या करते. मी डब्यात मोजून भरते."

"किती करायच्या ते कसं ठरतं?"

"एका डब्याला चार. आणि घरच्या बारा."

"आणि डबे?"

"ते रोज वेगळे. नऊपर्यंत लोकांचे फोन येत असतात. कुणी रद्द करतं, कुणी वाढवतं."

"म्हणजे डबे किती ते ठाऊक नसताना आईचा हिशेब चालू?"

सई माझ्याकडे जराशा कीवेनेच बघू लागली. "हिशेब ठरलेलाच असतो ना मॅडम. डबे कितीही असू देत. जितके डबे, त्यांच्या चौपट, अधिक बारा."

बोलली आणि थांबली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मला बरं जमतं असं मला वाटतं. खाली भंगारवाला ओरडत गेला. मी कागदावर दोनच शब्द लिहिले, 'जितके डबे', आणि कागद तिच्याकडे फिरवला.

मग तिला सांगितलं की आपल्याकडे भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, एक्स नव्हता. अज्ञात संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणत. जितकं असेल तितकं. लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात संख्या आली की तिला रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक.

"म्हणजे तेसुद्धा 'जितके डबे'च म्हणायचे?" सई हसली. पाच भेटींत पहिल्यांदा.

"काल पोळ्या किती झाल्या?"

"एकशे आठ." तिने पेन्सिल घेतली. 'जितके डबे' याच्या जागी नुसता 'ड' काढला आणि लिहिलं: ४ड + १२ = १०८. खोडरबर जागच्या जागी राहिला. ९६, मग २४. "चोवीसच होते काल," ती म्हणाली, जणू समीकरणाला खरं बोलल्याबद्दल पावती देत होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्याच भेटीत बाईसाहेबांनी 'पोळ्या डब्यांच्या चौपट' हे ४प = ड असं मांडलं. मी विचारलं, ड म्हणजे काय? डबा. डबा की डब्यांची संख्या? दहा डबे धरून बघ बरं. चाळीस पोळ्या, चौपट केल्या तर एकशे साठ, आणि डबे तर दहाच. मग स्वतःच जीभ चावून ड = प ÷ ४ केलं, आणि त्यावरून प = ४ड. आयांनो, या चुकीवर मुलांना रागावू नका. अमेरिकेत १९८१च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना असंच वाक्य दिलं होतं, विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत. शंभरात सदतीस जणांनी चुकीचं मांडलं. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची संख्या. हे एकदा सांगून भागत नाही, दर वेळी एखादा आकडा घालून बघायला लावावं लागतं.

प्रत्येक मूल सईसारखंच अडतं असंही नाही. कुठे अडतंय ते आधी बघा. अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली ऑस्ट्रेलियात यासाठी प्रश्नांचा क्रम दिला, आणि तो घरीही वापरता येतो: वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं करशील, करून दाखव, उत्तर लिही. पहिल्या दोनमध्ये अडलं तर गणिताचा क्लास लावून काय होणार? सेमीच्या बऱ्याच मुलांचं तिथेच अडतं. 'फाइव्ह लेस दॅन थ्राइस अ नंबर' वाचलं की हात आधी ५ लिहितो, मग वजा, मग ३एक्स. तेच मराठीत म्हणायला लावा, 'तिपटीपेक्षा ५ ने कमी'. आधी तिप्पट, मग त्यातून ५ गेले. ३एक्स − ५ आपोआप येतं. वाक्य मराठीत म्हणायचं आणि मग चिन्हांत लिहायचं, यात कमीपणा कसला?

आणि 'जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी' ही गुरुकिल्ली कृपा करून देऊ नका. राधाकडे २० रुपये आहेत, ते मीनापेक्षा ८ ने जास्त, मीनाकडे किती? 'जास्त' बघून २८ लिहिणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत.

सईच्या आईला मी एकच काम दिलं होतं. महिनाभर 'उत्तर काय आलं?' विचारायचं नाही, 'काय मानलंस?' एवढंच विचारायचं. त्यांना ते फार जड गेलं.

वार्षिक परीक्षेनंतर दोघी पेढे घेऊन आल्या, सोबत पेपरही. उदाहरण बापलेकांच्या वयाचं होतं. सईने मुलाचं वय 'डी' मानलं होतं. बाईंनी त्या डीभोवती लाल गोल करून मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मार्क मात्र पूर्ण दिले होते.