नव्या घोडीला खोगीर घालण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. सारंगखेड्याच्या यात्रेतून तीन वर्षांची मारवाडी घोडी आणलीत, गाईंच्या शेजारी गोठ्यात बांधलीत. खायला नेपियर, गव्हाचा कोंडा आणि गाईंचंच पशुखाद्य. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला येते. शेजारचे म्हणतात, पाय बांधून दोन दिवस उपाशी ठेवा, सरळ होईल. उन्हाळ्याआधी स्वारी करता येईल का, हे तुम्हाला हवंय. स्वारीचं नंतर बघू. आज तिचं खाणं आणि बांधणं बदला. जिला तुम्ही खोड म्हणताय तिचं मूळ बरंचसं तिथेच असावं.

गाय भराभर खाऊन घेते आणि मग निवांत रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचं जठर ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं. लाळ मात्र चावतानाच सुटते. गव्हाण तासन् तास रिकामी राहिली की ते आम्ल जठराच्या अस्तराला लागतं, व्रण होतात. असं पोट दुखत असलेल्या घोडीला तंग आवळला तर ती दात दाखवणारच. उपाशी ठेवायचा सल्ला मुळीच ऐकू नका, त्याने दुखणं वाढेल.

किती वैरण लागते, ते मोजून ठरवा. टेप घ्या. कोपराच्या मागून, पाठीच्या उंचवट्याच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की अंदाजे वजन किलोत मिळतं. घेर १६० आणि लांबी १४५ आली तर घोडी साधारण ३१२ किलोची. तिला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास सुकी वैरण रोज हवी. हिरव्या चाऱ्यात पाणीच जास्त, तो किलोला किलो धरू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी टाका, आणि रात्रीची सगळ्यात मोठी ठेवा, कारण रात्रच लांब असते.

नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. वर गव्हाचा कोंडा म्हणजे फॉस्फरसचा भडिमार. दोन्ही महिनोन् महिने चाललं तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, घोडी लंगडते, तोंडाची हाडं फुगतात. म्हणून नेपियर कमी करा, कोंडा बंद करा, सुकं गवत मुख्य ठेवा आणि जोडीला थोडा लसूणघास द्या. कोवळी किंवा पाण्याअभावी सुकत चाललेली हिरवी ज्वारी तिच्यापुढे टाकूच नका. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. काम नसलेल्या घोडीला चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, फारशी गरज नाही. भिजवलेला हरभरा अर्धा-पाऊण किलो पुरे. पाणी सदैव समोर, दिवसाला २५-३० लिटर सहज लागतं. सैंधवाचा खडा चाटायला ठेवा.

आणि गाईंचं खाद्य आजच बंद. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय निकामी करू शकते. पोत्यावर छापलेलं नसलं तरी धोका पत्करू नका. कोंबडीखाद्याची पोतीही कुलपात ठेवा.

आता बांधणं. आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडून, दिवसभर एका जागी ठेवलेली घोडी संध्याकाळी अंगावर येते, याचं नवल वाटायला नको. बांबूचं, लाकडाचं कुंपण घालून अर्धा एकर तरी मोकळा करा. काटेरी तार नको, पायाची कातडी फाडून काढते. गाई तिला दिसतील अशी जागा बघा, एकटं घोडं झुरतं.

सकाळी खरारा करताना हात सगळीकडे फिरवा, सूज आणि जखम हाताला आधी कळते. रोज चारही खूर उचलून साफ करा. तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागातून काळं, घाण वासाचं काही निघालं तर जागा ओली राहतेय. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्या. रानातच फिरवणार असाल तर नाल लगेच नको, डांबरी रस्त्यावर न्यायची असेल तेव्हा बघू.

तिने पुढचा पाय आपटला, वळून वळून कुशीकडे पाहिलं, लोळायला लागली, लीद थांबली, तर पोटशूळ समजा. वैरण काढून घ्या आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. बाटलीने तोंडात तेल ओतायची आपल्याकडे सवय आहे, ते फुप्फुसात जाऊन घोडं मरतं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून वेळ दवडणं परवडत नाही.

आता शिकवण. कुशीवर बोट टेकवा, ती एक पाऊल सरकली की त्याच क्षणी बोट काढा. दाब निघाला हेच तिचं बक्षीस, आणि ते उशिरा मिळालं तर ती काहीच शिकत नाही. पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी, रोज. मोरखीवर, म्हणजे तोंडाला बांधलेल्या दोरीवर, चालणं, थांबणं, मागे सरणं पक्कं झालं की पाठीवर आधी नुसतं घोंगडं, मग खोगीर. तंग एकदम आवळू नका. एक छिद्र, दहा पावलं चालवा, मग पुढचं. कान मागे गेले तर तिथेच थांबा आणि पाठ तळव्याने दाबत जा. एखाद्या जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली बसली तर तिथे दुखतंय. खोगीर नीट बसत नसेल.

लगामाची घाई नको. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या दुखऱ्या असतात. काटेरी लगाम कुणी दिला तरी घेऊ नका. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच त्याला बंदी आहे. लग्नाच्या वरातीत नाचवायच्या घोड्यांची तोंडं आतून पाहिली तर ती बंदी का आहे ते लगेच कळतं. पाठीचा कणा पक्का व्हायला पाच वर्षांच्या पुढे जावं लागतं, म्हणून हे वर्ष जमिनीवरचंच काम. चौथ्या वर्षी हलका स्वार, दहा मिनिटं, कदम चालीत, म्हणजे न पळवता नुसतं चालवत. पुढेही स्वार आणि खोगीर मिळून तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

यात्रेतून आणलेलं जनावर आहे, तेव्हा ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो. नमुना तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठवता येईल. रिपोर्ट येईपर्यंत तिची बादली, खरारा, मोरखी वेगळी ठेवा. धनुर्वाताची लस झालीय का, तेही त्याच डॉक्टरांना विचारा. नसेल तर खिळा-पत्र्याची जखम होण्याआधी देऊन घ्या.

घेर, लांबी आणि चारही खुरांचे खालून काढलेले फोटो पाठवा, वैरणीचं प्रमाण बसवून देतो.