पुण्यातल्या अलका टॉकीज चौकाचं खरं नाव काय? आणि लकडी पुलावर दुचाकी नेऊ नका असं का सांगतात?

तुम्ही पुण्यात नवीन आहात. नकाशात 'टिळक चौक' दिसतो, लोक 'अलका' म्हणतात, समोरच्या पुलाला 'लकडी पूल' म्हणतात पण लाकूड कुठे दिसत नाही, आणि ऑफिसमधल्या कुणीतरी स्कूटर त्या पुलावर घालू नका असं बजावलंय. गोंधळ होणं साहजिक आहे. मी याच भागात वाढलो, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

कागदोपत्री नाव लोकमान्य टिळक चौक. पोलिसांच्या आदेशात आणि विसर्जनाच्या बातम्यांत हेच नाव असतं. बोलताना मात्र कोपऱ्यावरच्या चित्रपटगृहाचं नाव चौकाला चिकटलं ते कायमचं. रिक्षावाल्याला 'टिळक चौक' म्हणालात तर 'म्हणजे अलका ना?' असा उलट प्रश्न येईल. पुलाचंही तसंच. अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल, तोंडातलं नाव लकडी पूल.

हे दुसरं नाव जुनं आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं आणि त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांनी इथे लाकडी पूल बांधवला असं सांगतात. पानिपतावरून परतणाऱ्या सैन्याला नदी ओलांडून शहरात येता यावं म्हणून हा पूल झाला, ही पुण्यातली आवडती कथा. नानासाहेब स्वतः त्याच जूनमध्ये पर्वतीवर वारले. पुढे लाकडाचा पूल गेला, एकोणिसाव्या शतकात त्या जागी दगडी पूल आला, नंतर तो रुंद झाला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मुठा नदीचं पाणी याच पुलावरून वाहिलं. घरातल्या ज्येष्ठांकडे त्या दिवसाचा विषय काढू नका, काढलात तर दोन तास मोकळे ठेवा.

आता बंदीचं. ती समजायची तर रस्ते कसे येऊन मिळतात ते बघा. जुन्या पेठांतून लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता इथे येतात. स्वारगेटकडून टिळक रस्ता येतो. दांडेकर पुलाकडून शास्त्री रस्ता येतो. आणि या सगळ्यांच्या तोंडाशी नदी. पलीकडे खंडोजीबाबा चौक, म्हणजे डेक्कन. थोडक्यात, पाच रस्त्यांची गर्दी एका पुलाच्या गळ्यात कोंबली जाते. त्यात पुण्यातल्या दुचाकी! बस आणि मोटारींच्या फटींतून त्या घुसायला लागल्या की सिग्नल सुटला तरी पूल सुटत नाही. म्हणून वाहतूक पोलिसांनी या पुलावर दुचाकींना वर्षानुवर्षं बंदी ठेवली. पेठांतून डेक्कनला जायला दुचाकींसाठी वेगळी सोयही आहे. नारायण पेठेतून निघणारा झेड ब्रिज खास दुचाकींचाच. त्याशिवाय खाली नदीपात्रात बाबा भिडे पूल आहे, पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो बुडतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्या भरवशावर वेळेचं गणित मांडू नका. कर्वे रस्त्याकडे जायचं असेल तर पूना हॉस्पिटलजवळचा यशवंतराव चव्हाण पूल किंवा त्याच्या पुढचा म्हात्रे पूल सोयीचा.

बंदीच्या वेळा आणि सवलती पोलीस अधिसूचना काढून बदलत असतात. तेव्हा माझ्या किंवा ऑफिसमधल्या मित्राच्या सांगण्यापेक्षा पुलाच्या तोंडावरचा फलक वाचा. मला विचाराल तर बंदी योग्यच आहे. फक्त फलक असा हवा की चौकात शिरण्याआधी दिसेल. वळल्यावर दिसणाऱ्या फलकानं शिस्त लागत नाही, नुसती पावती फाटते.

दुसरी नेहमीची फसगत लक्ष्मी रस्त्याची. तो एकेरी आहे, वाहतूक शहरातून अलका चौकाकडे येते. म्हणजे डेक्कनहून पूल ओलांडून सरळ लक्ष्मी रस्त्यावर घुसता येत नाही, कितीही समोर दिसत असला तरी. पेठांत अशी एकेरी रस्त्यांची जोडगोळी आणखी आहे: बाजीराव रस्त्यानं स्वारगेटहून शनिवारवाड्याकडे जायचं, शिवाजी रस्त्यानं परत यायचं. ही जोडी पाठ झाली की निम्मं पुणे जमलं.

हा एकेरीपणा वर्षातून एकदा वारकरी मोडतात. ज्ञानेश्वर माउलींची आणि तुकोबांची पालखी फर्ग्युसन रस्त्यानं येते, लकडी पुलावरून टिळक चौकात शिरते आणि लक्ष्मी रस्त्यानं उलट्या दिशेनं आत, नाना पेठ आणि भवानी पेठेतल्या मुक्कामांकडे जाते. गणपती मात्र नियम पाळतात! मानाचे पाचही गणपती मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्यानं इथे येतात. बाकीची मंडळं केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्यांनी येऊन याच चौकात मिळतात. सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी रूप दिलं त्यांचंच नाव मिरवणूक संपण्याच्या चौकाला आहे, हे मात्र छान जुळलंय.

त्यामुळेच 2021 मध्ये पुलावरून मेट्रोचा मार्ग जाणार म्हटल्यावर मंडळांनी हरकत घेतली. उंच रथ खालून जाणार कसे, हा त्यांचा प्रश्न. काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून गरवारे कॉलेज ते सिव्हिल कोर्ट गाड्या धावू लागल्या. रथांची उंची आता मंडळंच बघून ठरवतात.

अनंत चतुर्दशीला सकाळपासून दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपेपर्यंत या चौकात गाडी घेऊन यायचा विचारसुद्धा करू नका. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबणं नेहमीचंच. त्या दिवशी डेक्कन किंवा गरवारे कॉलेज स्थानकापर्यंत मेट्रोनं या, आणि पुढे पायी.