माझ्या वडिलांना उच्च रक्तदाब आहे; सैंधव मीठ खाल्ले तर रक्तदाब वाढत नाही, हे खरे आहे का?

नाही; सैंधव मीठही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे साध्या मिठाऐवजी तेवढेच सैंधव वापरल्याने आपल्या वडिलांचा रक्तदाब कमी होण्याचे काही कारण नाही. रक्तातील सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि मूत्रपिंडांना जादा सोडियम पुरेसे बाहेर टाकता आले नाही, तर दाब चढतो. उतारवयात हा परिणाम बहुधा अधिक तीव्र असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, अशी मर्यादा सांगितली आहे, आणि तीत केवळ भाजी-आमटीतले नव्हे, तर लोणचे, पापड, खर्डा आणि आपल्या सांगलीच्या भडंगातलेही मीठ धरलेले आहे (हिशेब नेमका तिथेच चुकतो). शिवाय पुष्कळशा सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते. बदलायचेच असेल, तर सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले मीठ हा अधिक अर्थपूर्ण पर्याय आहे; चीनच्या ग्रामीण भागातील सुमारे २१,००० लोकांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण घटलेले दिसले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा रक्तातील पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे सुरू असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच वापरू नये.