लिनक्सच्या सुरुवातीच्या यादीमागे पऱ्हाटीचा फोटो लावला तर लॅपटॉप बंद पडेल का?

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक सिस्टिम) आणि विंडोज दोन्ही आहेत. चालू करताना जी काळी यादी येते, तिच्यामागे स्वतःच्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) फोटो हवा, नावं मराठीत हवीत, पण मशीन बिघडायची भीती वाटते.

खुशाल लावा, भाऊ. फक्त कोणत्या फाइलला हात लावायचा ते आधी पक्कं करा, कारण मी तिथंच चुकलो होतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. लॅपटॉप चालू करताना ती यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामला ग्रब म्हणतात. मी 'बूट' फोल्डरमधल्या 'ग्रब'मध्ये जाऊन 'ग्रब डॉट सीएफजी' उघडली आणि तिच्यातच नावं बदलली. बदलताना एक महिरपी कंस पुसला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीक विम्याचे अर्ज भरायला लोक दारात, आणि पडद्यावर यादीच्या जागी नुसता 'ग्रब' शब्द आणि लुकलुकणारी रेघ. मिंट ज्यावरून चालू करता येतं तो पेनड्राइव्ह जवळ होता म्हणून दुपारपर्यंत सावरलं. पण शेजारच्या गावाहून पायी आलेली दोन म्हातारी माणसं तशीच परत गेली, ते अजून मनाला लागतं.

ती फाइल मशीन स्वतः तयार करतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की ती पुन्हा नव्यानं लिहिली जाते, म्हणजे हातानं केलेली मेहनत तशीही पुसली जाणारच. आपली फाइल वेगळी: 'इटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब'. तिची आधी एक प्रत काढा. मग बदल करा आणि टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा; 'सुडो' म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकारानं. ही कमांड नवी यादी आधी बाजूला लिहिते, तिचं व्याकरण तपासते आणि ठीक असेल तरच जुनीच्या जागी ठेवते. तुमच्याकडून अवतरणचिन्ह सुटलं तर चूक दाखवून थांबते, जुनी यादी शाबूत राहते. म्हणून शेवटच्या ओळी वाचा, 'डन' आलं की झालं. डेस्कटॉप असेल तर लाइन जायच्या वेळेला हे काम काढू नका.

आता फोटो. लिनक्स सुरू व्हायच्या आधी ग्रबला तो वाचावा लागतो, म्हणून घरच्या फोल्डरात न ठेवता 'बूट'मधल्या 'ग्रब' फोल्डरात ठेवा आणि वर सांगितलेल्या आपल्या फाइलीत 'ग्रब_बॅकग्राउंड' या ओळीत त्याचा पूर्ण पत्ता लिहा. मोबाइलचा फोटो गिम्प या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून साधा पीएनजी करून घ्या. प्रोग्रेसिव्ह प्रकारचा जेपीजी ग्रबला उघडता येत नाही. आणि फुटलेल्या बोंडांचा फोटो घेऊ नका. पांढऱ्या कापसावर फिकट अक्षरं दिसतच नाहीत. संध्याकाळचं शेत, खाली काळी माती, असा फोटो छान दिसतो.

मराठी नावांचं मात्र मनासारखं जमणार नाही. ग्रबला जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नाहीत, शब्द फुटून दिसतात. शिवाय सिक्युअर बूट (सुरुवातीला फक्त सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू असेल तर ग्रबच्या नव्या आवृत्त्या बाहेरून आणलेला फॉन्ट उचलत नाहीत. मी एक उपाय केला: शेताचं नाव गिम्पमध्ये फोटोवरच लिहिलं. यादी इंग्रजीत, पण वर आपलं नाव आपल्या लिपीत. तुम्हीही तसंच करा.

अपडेटनंतर यादीतून विंडोज गायब झालं तर घाबरू नका, ते डिस्कवर तसंच असतं. २०२१ साली आलेल्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध मूळ ग्रबमध्ये बंद ठेवलेला असतो. त्याच फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' समोर 'फॉल्स' लिहून कमांड पुन्हा चालवा.

यादी किती वेळ थांबते ते ठरवणारं 'ग्रब_टाइमआउट' शून्य करू नका, १० सेकंद ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून निवडायला तेवढा वेळ लागतो.

इंटरनेटवरच्या तयार थीमसोबत (यादीच्या आयत्या सजावटीसोबत) इन्स्टॉल करणारी स्क्रिप्ट येते, ती सुडोनं चालते. ती उघडून न वाचता चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि सगळ्यात आधी मिंटचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप एकदा खरंच चालू करून पाहा. माझ्या मशीनवर त्यासाठी एफ१२ दाबावं लागतं, तुमच्या कंपनीची कळ वेगळी असू शकते, ती शोधून झाकणाच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवा.