तिसरं पेडल गेलं कुठे?

इथे अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शोचा मोसम सुरू झाला की पत्रं वाढतात. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं क्लच आणि गिअरभोवतीच फिरत होती, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : आमच्या गावच्या शोमध्ये साठच्या दशकातल्या दहा-बारा मसल कार (मोठ्या इंजिनाच्या दणकट अमेरिकन गाड्या) होत्या, पण क्लचवाल्या दोनच. त्या काळी तर सगळे हातानेच गिअर टाकत असतील ना? मग त्या गाड्या गेल्या कुठे? (एडिसन, न्यू जर्सी)

सगळे नाही, पण बरेच. पाँटिॲक जीटीओचंच बघा. १९६६ मध्ये ९६,९४६ जीटीओ बनल्या, त्यातल्या ६१ हजारांहून जास्त मॅन्युअल, म्हणजे क्लचवाल्या. १९७० मध्ये ४०,१४९ बनल्या, त्यात मॅन्युअल जेमतेम १६ हजार. चार वर्षांत पारडं फिरलं. १९६६ पर्यंत जीटीओत मिळणारा ऑटोमॅटिक दोनच गिअरचा होता. तो घेतला की सिग्नल सुटल्यावर शेजारच्याची शेपटी बघायची. १९६७ ला तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला, आणि तो इतका चोख निघाला की मॅन्युअलचा हट्ट धरायला खास कारण उरलं नाही.

बनल्या त्यातल्याही टिकल्या कमी. फोर-स्पीड, म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल, घेणारा बहुधा विशीतला पोरगा. तिसऱ्याऐवजी पहिला पडला, इंजिन खलास. क्लच तर तो चण्या-फुटाण्यासारखा खायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर या गाड्यांना कुत्रं विचारेना. मग त्यातला मन्सी (जनरल मोटर्सचा फोर-स्पीड) गिअरबॉक्स काढून दुसऱ्या गाडीत घालायचा आणि सांगाडा भंगारात द्यायचा, असं सर्रास चाललं. विम्याचे हप्ते आधीपासूनच गळ्याशी आले होते.

प्रश्न : १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी बघतोय, ४४० इंजिनची. विकणारा म्हणतो कारखान्यातूनच फोर-स्पीड, नंबरही जुळतात. खरं की खोटं कसं ओळखू? (ट्रॉय, मिशिगन)

कागद नंतर. आधी जुना शर्ट घाला, टॉर्च घ्या आणि गाडीखाली शिरा.

चॅलेंजरची फरशी मुळात ऑटोमॅटिकच्या मापाची. फोर-स्पीडसाठी मधला बोगदा (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) उंच लागतो, म्हणून कारखान्यात गॅस कटरने फरशी कापून वरून उंचवट्याचा पत्रा जोडत. लाइनवरच्या माणसाला वेळ नसायचा, त्यामुळे खालून बघितलं की कापलेली कड वेडीवाकडी, जळकी दिसते, उंदराने कुरतडल्यासारखी. कड फार सुबक असेल, ग्राइंडरने सरळ कापलेली असेल, तर ते काम पुढे कुणीतरी निवांतपणे गॅरेजमध्ये केलंय. इथे सुबकपणाचाच संशय घ्यायचा.

मग गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला ठोकलेला नंबर शोधा. ग्रीस आणि माती वायरब्रशने पुसावी लागेल. १९६८ पासून गाडीच्या व्हीआयएनचे (ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे तिथे असतात, आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीशी ते तंतोतंत जुळायला हवेत.

आता बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर पत्र्याची छोटी पाटी असते. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या ओळीत आधी इंजिनचा कोड, मग गिअरबॉक्सचा. डी२१ असेल तर फोर-स्पीड, डी३२ असेल तर टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. पण या पाट्या हल्ली नव्या बनवून मिळतात, तेव्हा एकट्या पाटीवर विसंबू नका. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला ब्रॉडकास्ट शीट (गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद) सापडला तर उत्तम. त्यावरचाही व्हीआयएन तपासा, कारण कधीकधी भलत्याच गाडीचा कागद त्या सीटमध्ये जाऊन बसलेला असतो.

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असं समजू नका. पहिली मोपार (क्रायस्लर कंपनीची गाडी, डॉजसारखी) घेताना चकचकीत पाटी बघूनच पैसे मोजले होते. घरी आणून जॅकवर चढवली आणि त्या सुबक कडेकडे बराच वेळ बघत पडून राहिलो. गाडी वाईट नव्हती. भाव मात्र अस्सल फोर-स्पीडचा दिला होता.

प्रश्न : माझी १९६६ ची मस्टँग, २८९ इंजिन, ऑटोमॅटिक. मॅन्युअल करून घेतली तर किंमत पडेल का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

साधी २८९ मस्टँग आहे, शेल्बी ही दुर्मीळ, महागडी मस्टँग नाही. खुशाल करा. मी असतो तर जुना टॉपलोडर (फोर्डचा त्या काळचा चार गिअरचा मॅन्युअल) शोधत न बसता नवा पाच गिअरचा ट्रेमेक टीकेएक्स घातला असता. ३.५० गुणोत्तराच्या मागच्या ॲक्सलवर टॉपलोडर ताशी ६५ मैलांना सुमारे २,९०० आरपीएमवर ओरडत राहतो. ट्रेमेकच्या ०.६८ च्या पाचव्या गिअरमध्ये तेच काम दोन हजारांवर होतं, आणि शेजारी बसलेल्याशी बोलता येतं.

खर्चाचा अंदाज धरताना नुसता गिअरबॉक्स मोजू नका. पेडलचा संच, बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, पायलट बेअरिंग, क्रॉसमेंबर, योग्य लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, शिवाय बोगद्याला भोक. काढलेला सी४, म्हणजे मूळचा ऑटोमॅटिक, विकू नका. पुढच्या मालकाला तो हवा असू शकतो.

प्रश्न : भारतात मस्टँग मॅन्युअल का नाही आली? (पुणे)

२०१६ च्या जुलैत फोर्डने भारतात आणली ती एकच, ५ लिटरची जीटी, ६-स्पीड ऑटोमॅटिक. उजव्या स्टिअरिंगची मॅन्युअल मस्टँग ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मिळत होती, म्हणजे अडचण यंत्राची नव्हती. चांदणी चौकातली संध्याकाळची कोंडी कुणीतरी पाहून आलं असावं, असा माझा तर्क.

प्रश्न : माझ्या मुलाला यातलं काही नको आहे. हा छंद आमच्याबरोबरच संपणार का? (ह्यूस्टन)

नव्या गाड्यांकडे बघाल तर धीर सुटेल. कॉर्व्हेटने २०२० मध्ये क्लच सोडला. चॅलेंजर आणि कमॅरो २०२३ च्या डिसेंबरात बंद झाल्या. व्ही८ आणि क्लच असलेली दोन दारांची गाडी मस्टँगच उरली.

सुट्या भागांची मात्र मला चिंता नाही. १९६७ च्या मस्टँगचा अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो. चिंता आहे ती हातांची. मन्सीचा सिंक्रो (गिअर न खरखरता पडू देणारा भाग) घासलाय हे आवाजावरून सांगणारे माझ्या ओळखीतले सगळे सत्तरीपुढचे आहेत. कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज गाड्यांच्या रिस्टोरेशनची चार वर्षांची पदवी देतं, पण असं एक कॉलेज किती पुरणार?

एक गंमत सांगतो. भारतातून आलेल्या आपल्या मंडळींकडे एक भांडवल आहे ज्याची त्यांना कल्पनाच नाही. ज्याने मुंबईत प्रीमियर पद्मिनीवर स्टिअरिंगचा गिअर शिकून घेतला, तो इथल्या जुन्या तीन गिअरच्या शेव्हीत (शेव्हरलेत) बसून पाच मिनिटांत निघतो. इथे जन्मलेली पोरं दांडीकडे नुसती बघत बसतात. तुमच्या मुलाला गाडी नको असेल, ठीक आहे. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये किल्ली त्याच्या हातात देऊन बघितलंय का कधी? पुसायला फडकं दिलं असेल, ते सोडा.

प्रश्न : वय ७१. १९६९ ची शेव्हेल, मूळ मन्सी फोर-स्पीड. डावा गुडघा साथ देत नाही. ऑटोमॅटिक करू की विकू? (शॉमबर्ग, इलिनॉय)

काका, इतक्यात काहीच नको. आधी क्लच बघून घ्या. जुन्या पद्धतीची तीन बोटांची प्रेशर प्लेट असेल तर डायफ्रामची बसवा, आणि लिंकेजऐवजी हायड्रॉलिक क्लच लावून घ्या. पेडल खूपच हलकं होतं. त्यावर दोन महिने चालवून बघा.

तरीही दुखलं तर ऑटोमॅटिक करा, लाज कसली! फक्त तो मन्सी बेलहाउसिंग, पेडलं आणि दांडीसकट एका लाकडी पेटीत नीट तेल लावून ठेवा, आणि पेटीवर जाड मार्करने गाडीचा व्हीआयएन लिहा. नाहीतर पुढेमागे गॅरेज आवरताना कुणीतरी ती भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढवेल.